दाताआधी दाणा नाही

७ नोव्हेंबर १८६४, सोमवार. अमरावती.
साहेब रोज डायरी लिहितो. आजपासून मीही. वखारीत कापूस उतरवून घेणारा कारकून असलो तरी डोकं कारकुनाचं नाही, हे लेखी राहिलेलं बरं.

मुख्य प्रश्न जमुनाचा. आमची पहिली मुलगी. पाच महिने पुरे झाले. सासूबाई पार्बताबाई दिवाळीला मूर्तिजापुराहून आल्या, त्या अजून आहेत. म्हणतात, पोरीले पाचव्यात नाही तं सातव्यात अन्न देतात, देऊन टाका आता. महिने बोटांवर मोजून पोटाचा निर्णय करायचा. वीट येतो अशा माणसांचा. हा निर्णय बापानं विचार करून घ्यायचा असतो.

दुपारी जेवताना जमुनानं माझ्या भाकरीकडे झेप घेतली. लाळ थेट वरणात. ताट सरकवून उठलो. सुभद्रा म्हणाली, भूक लागते तिले. मी सांगितलं, बायको असलीस तरी नीट पाहत जा, ही भूक नाही, हावरेपणा आहे. वेळीच मोडला पाहिजे.

९ नोव्हेंबर.
निर्णय झाला. वखारीच्या अंगणात साहेब दुसऱ्या गोऱ्याला काही सांगत होता. कान देऊन ऐकलं. इंग्रजी मला चांगलं कळतं, फक्त बोलत नाही. टीथ नीट होईपर्यंत फीडिंग बंद, असं तो म्हणाला. म्हणजे विलायतेत दात येईस्तोवर मुलांना अन्न देत नाहीत. उगाच नाही ते राज्य करत.

रूल ठरला: दाताआधी दाणा नाही. आतल्या भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिला. घरात वाचता कुणालाच येत नाही, पण धाक राहतो.

१० नोव्हेंबर. संध्याकाळ.
मनगट चुरचुरतं आहे, अक्षर वाईट येईल.

घरी आलो तर पार्बताबाई ओसरीवर. मांडीवर जमुना. भाकरीचा तुकडा स्वतः चावत होत्या. मला वाटलं, जेवतात. मग तो लगदा तोंडातून काढून बोटावर घेतला आणि पोरीच्या ओठांशी नेला. मध्ये हात घातला. लगदा माझ्या मनगटाला लागला.

विचारलं, हे काय चाललंय. म्हणाल्या, दात नाहीत तं चावून द्या लागते, तुमच्या मायनंबी तुमाले असंच चारलं असंन.

विहिरीवर जाऊन तीन चुळा भरल्या. मनगट राखेनं घासलं. माझी आई असं करणं शक्य नाही. ती तेल्हाऱ्याला असते; तिकडे कुणी निघालं तरी तिला हे विचारायचं नाही.

१४ नोव्हेंबर.
वखारीत गाड्यांची रीघ. रुई हवेत, नाकात, ताकात. गाडीवाले एका लोट्याला तोंड लावून पाणी पितात आणि तोच लोटा मला पुढे करतात. आता हातात पैसा खुळखुळतो म्हणून बैलांच्या शिंगांना झालरी लावतात. ओठ पुसायला मात्र कुणी शिकवलं नाही.

जमुना सकाळपासून रडते. रूल पाळला जातोय असा अर्थ घेतला.

१८ नोव्हेंबर.
सुभद्राला चार दिवस ताप. दूध कमी पडतं म्हणाली. सांगितलं, वाढव. मेथ्या खा, असंही सुचवलं. म्हणजे घरात सल्ला मिळत नाही असं म्हणायला नको.

शेजारच्या माणिकबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, भाऊ, लेकरू उपाशी हाय, उलशीक पेज तरी द्या. दुसऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्या बायका. डोक्याचं तेल भिंतीला लागून तिथे काळा डाग पडलाय. तो आधी पाहावा.

२३ नोव्हेंबर.
वखारीतला शेषराव खरंच इंग्रजी शिकलेला आहे, म्हणून थोडा उद्धट आहे. त्याला सहज माझा रूल सांगितला. तो टोपलीवर बसून हसला. म्हणे, साहेब तं सरकी काढाच्या नव्या यंत्राबद्दल बोलत होता, त्याचे दात तुटले, मुंबईहून नवे येईस्तोवर त्यात कापूस घालू नका म्हणे.

विचार केला. यंत्र लोखंडाचं आहे, तरी साहेब त्याला दातांशिवाय खायला घालत नाही. मग कोवळ्या पोटाची किती जास्त काळजी घ्यायला हवी? रूल उलट पक्का झाला. शेषरावाला हे समजावलं. तो मध्येच उठून गेला. पान खाऊन जिथं बसला होता तिथंच थुंकलेला.

२८ नोव्हेंबर.
प्रगती. जमुना आता ताटाकडे झेपावत नाही. रडणंही कमी. पडून असते आणि वरच्या आढ्याकडे पाहते. हावरेपणा गेला.

तिच्या हातातलं चांदीचं कडं आपोआप गळून खाली पडलं. बारशाला हेच कडं साबण लावून चढवावं लागलं होतं. सोनार लबाड जात, चांदी पुढे सैल पडेल अशी घडवतात. जाऊन खडसावलं. तो म्हणाला, चांदी वाढत नसते, राव. उद्धट.

१ डिसेंबर.
मेहुणा किसनराव मूर्तिजापुराहून कापसाची गाडी घेऊन आला. वखारीत उतरवून घरी आला. जमुनाला उचललं, सुभद्राच्या हाती दिलं आणि गाडीत गवत अंथरायला गेला. एरवी तो आधी बोलत बसतो.

सुभद्रा म्हणाली, पोरगी सुकून राहिली, दिसत नाही का तुमाले? शांतपणे रूल समजावला. यंत्राचा दाखलाही दिला. ती उठली. लुगडी बांधली, जमुनाची दुपटी बांधली, कडं पदराच्या गाठीत मारलं. परत जाणारी गाडी रिकामीच होती. तिघी तीत बसल्या.

मीच पाठवलं. हवापालट.

घरात येऊन पाहतो तर आतल्या भिंतीवरचा रूल शेणानं सारवून टाकलेला. निघताना कशी काय फुरसत मिळाली, कळत नाही. अजून ओलं होतं. वास येत होता.

३ डिसेंबर.
स्वयंपाक बायका उगाच अवघड असल्याचं दाखवतात. भात खाली करपला, वर कच्चा. मधला चांगला होता.

८ डिसेंबर.
मधलाही नाही.

१२ डिसेंबर.
भाकरी थापली. तव्यावर जाण्याआधी तिचे तीन भाग झाले. त्यात रुईचा धागा. तो ओढला तर लांबच लांब येत गेला. जेवलो नाही. माणिकबाईंनी भिंतीवरून आंबाडीची भाजी दिली. त्यांची बोटं वाटीच्या आत होती. भाजी संपवली. वाया घालवणं बरं नाही.

घर शांत आहे. कामाला शांतता लागते. आज घरी काम नव्हतं.

१९ डिसेंबर.
मूर्तिजापूरकडून येणाऱ्या गाडीवाल्याबरोबर किसनरावाचा निरोप. शनिवारी जमुनाचं उष्टावण, सातवा महिना लागलाय, मामाच्या हातानं पहिला घास द्यायचा, तुमी या.

उलट निरोप पाठवला: दात आला काय? नसल्यास परवानगी नाही. परवानगीशिवाय ते काही करणार नाहीत. बाप मी आहे.

२४ डिसेंबर, शनिवार.
वखारीला नाताळची सुट्टी लवकर लागली. दिवसभर दारात बसलो. परवानगी नाकारलेली असल्यामुळे तिकडे आज काहीच झालं नसणार.

दुपारी थोडी खीर करून पाहिली. कुणासाठी नाही. भांडं अजून खरवडतोय.

२ जानेवारी १८६५.
रजा मंजूर, पाच दिवस. उद्या पहाटे निघायचं. बेत असा: पोहोचताच जमुनाचं तोंड तपासायचं. दात असल्यास मी स्वतः पहिला घास देणार, बारीक तांदळाचा, चांदीच्या वाटीतून. नसल्यास सर्वांना रूल पुन्हा समजावायचा. सुभद्रानं माफी मागितली तर लगेच द्यायची नाही, अर्धा दिवस जाऊ द्यायचा. पाच तारखेला दोघींना घेऊन परत.

४ जानेवारी. मूर्तिजापूर.
दोन दिवस गाडीत. वाटेत रेल्वेवाल्यांनी शेतातून मोजणीचे झेंडे रोवलेत. बैलानं शेपूट मारलं ते थेट तोंडावर. ते लिहिणार नव्हतो.

अंगणात पोहोचलो. पार्बताबाईंच्या मांडीवर एक गुबगुबीत मूल ज्वारीच्या कण्या खात होतं. दुधात शिजवलेल्या, मऊ. वाटलं, किसनरावाचं असेल. त्याला मूलच नाही हे नंतर आठवलं.

जमुनाच्या मनगटाला वळ्या पडल्यात. मला पाहून ओठ काढले आणि आजीच्या पदरात शिरली. तोंड तपासायचं म्हणून बोट घातलं. दात नाही. हिरड्यांनी बोट असं धरलं की ओरडलो. सगळे हसले.

उष्टावण त्या शनिवारीच झालं होतं. मामानं घास दिला. पण सुभद्रा म्हणाली, खरं सांगू का, पेज तं तिले आमी गाडीतच पाजली, बडनेऱ्याच्या अलीकडं, झाडाखाली थांबून. सगळी वाटी प्याली अन् मग अमरावती सुटल्यावर पहिल्यांदा झोपली.

मी म्हणालो, हवापालट लागू पडली.

मग सुभद्रानं जमुनाला माझ्या मांडीवर ठेवलं. कण्यांची वाटी शेजारी. पोरीनं मूठभर कण्या तोंडात कोंबल्या, घोळवल्या, माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो लगदा बोटांनी बाहेर काढून माझ्या ओठांत घातला. कोमट. लाळेसकट.

सुभद्रा पाहत होती. पार्बताबाई पाहत होत्या. किसनराव पाणी पिता पिता थांबला होता.

थुंकलो नाही. गिळलं.

जमुनानं दुसरा घास काढला.

सुभद्रानं विचारलं, कसं लागलं. म्हणालो, मीठ कमी आहे. पार्बताबाई म्हणाल्या, लेकराच्या कण्यात मीठ नसते.

५ जानेवारी.
आज दोघींना घेऊन निघायचं होतं. सुभद्रा म्हणाली, एवढ्यात मी येत नाही, तुमी बोलावू नका. मी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावणार होतो. तिच्या डोळ्यांखाली काळं आहे. ते अमरावतीला असताना होतं का, आठवत नाही.

पोरगी त्या दिवसांत फार हलकी झाली होती, असं किसनराव आज म्हणाला. फक्त एवढंच. मग बैलांना पाणी दाखवायला गेला.

६ जानेवारी.
गाडी सकाळी अमरावतीला निघाली. मी गेलो नाही. रजा उद्यापर्यंत आहे. नंतर वखारीत काय सांगायचं ते सुचलेलं नाही.

पार्बताबाई म्हणाल्या, रिकामे बसलेच हाय तं पोरीसाठी कण्या भरडा. जात्यावर बसलो. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत होते. पहिल्या कण्या जाड निघाल्या. घशात अडकतीन तिच्या, म्हणून परत भरडायला लावल्या. दुसऱ्यांदा सुभद्रानं चिमटीत घेऊन पाहिल्या. म्हणाली, अजून जाड हायत.

तिसऱ्यांदा बसलोय.