विजेची पेटी आणि चार स्क्रू

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावजींचं पत्र आलं. आजारात डाव्या हातातली ताकद गेली तेव्हापासून तू पियानोला कुलूप लावलंयस म्हणे. वाचून जिवाला फार लागलं.

आमच्या संग्रहालयाच्या माळ्यावर काय सापडलं सांगू? तू रेडिओच्या वाद्यवृंदात वाजवायचीस ती विजेची पेटी! व्हॉल्व्हवर चालणारी, एका वेळी एकच सूर काढणारी, सिंथेसायझरच्या कितीतरी आधीची. व्हायोलिनवाले तिला खेळणं म्हणून हसायचे, आठवतं? मी व्हॉल्व्ह बदलले, धूळ झटकली. पट्ट्यांची अख्खी ओळ खिळखिळी होऊन डावी-उजवीकडे डुलत होती, ती चार स्क्रू मारून पक्की केली. आता तसूभर हलत नाही. आवाज मात्र दारावरच्या घंटीसारखा कोरडा येतो.

संचालकबाई म्हणतात, नव्या दालनाच्या उद्घाटनात वाजवायला कोणी मिळालं नाही, तर ती कायमची काचेत जाईल. सूर उजव्या हाताचे, आवाज लहानमोठा करायला गुडघ्याची दांडी. डाव्या हाताचे, आवाजाचा बाज बदलणारे खटके मी दाबीन. येशील?

तुझ्या दोन ओळींवर महिनाभर खूश राहणारा,
पाना

९ मार्च

चि. पान्यास अ. उ. आ.

लहानपणी दिसेल ती वस्तू खोलायचास म्हणून तुझं नाव पाना ठेवलं. आता वाटतं, तेव्हाच दोन धपाटे घालायला हवे होते!

अरे शहाण्या, खिळखिळी कसली? ती ओळ मुद्दाम स्प्रिंगांवर टांगलेली असते. पट्टी दाबून बोट हलवलं की सूर थरथरतो, माणसाच्या गळ्यासारखा. तेवढ्यासाठी तर मी तिच्यावर जीव टाकला. तू चार स्क्रू मारून तिचा गळा आवळलास आणि वर विचारतोस, आवाज कोरडा का? आधी ते काढ.

मी येणार नाही. भरल्या सभागृहात मी एका हाताने वाजवायचं आणि लोकांनी बिचारी म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे मला सोसणार नाही. तुझ्या भावजींना म्हणावं, घरातल्या गोष्टी बाहेर कळवायची गरज नव्हती.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चुकलो. स्क्रू काढले. तू सांगितलंस तसं बोट हलवलं, तर पेटी शेळीसारखी बें बें करायला लागली. आमचे सुतारकाका पोट धरून हसले. संचालकबाईही आल्या, हसल्या नाहीत. काचवाला महिनाअखेरीस माप घ्यायला येतोय, एवढंच सांगून गेल्या.

बाई पेटीशेजारी पाटी लावणार आहेत, की आजच्या सगळ्या कीबोर्डांची ही पणजी. पण पणजी बोलायची कशी, ते पाटीवर मी काय लिहू? इथे ते ऐकलेलं कोणी नाही. स्प्रिंगा सैल करू की घट्ट, तेवढं तरी कळव.

शिव्यांसकट लोभ असू दे,
पाना

१९ मार्च

चि. पान्यास अ. उ. आ.

स्प्रिंगांना हात लावशील तर खबरदार! शेळी तुझ्या कोपरात आहे. हलायचं ते फक्त बोटाचं टोक.

हे कसं लिहावं, म्हणून जेवणाच्या टेबलावर करून पाहिलं. गुडघाही आपोआप दांडी ढकलायला गेला आणि टेबलाच्या पायावर आपटला. तुझ्या भावजींचा चहा सांडला. त्यांनी कप उचलला आणि पियानोची किल्ली माझ्यासमोर ठेवली. रडू आलं रे मला.

पियानो उघडला. एका हाताने वाजवलं, पण पियानोचा सूर वाजला की विरत जातो. पेटीचा तसा नाही. धरून ठेवाल तितका वेळ तो बोटाखाली जिवंत असतो. एवढा एकच सूर नीट सांभाळायला मला एक हात पुरायचा, तेव्हाही. ते मी विसरलेच होते.

शनिवारच्या गाडीने येते. खुर्ची बिनहातांची हवी. मी मान हलवली की खटका दाबायचास, आधी नाही. माझ्या आजाराबद्दल कोणी भाषण केलं तर उठून जाईन.

पाटीची जागा कोरी ठेव, पणजी स्वतःच बोलेल. आणि काचवाल्याला सांग, येऊ नकोस.

गुडघ्याला मलम लावून निघालेली,
ताई