मोटिव्हच्या रकान्यात

बाई,

तुम्ही जाऊन दहा वर्षं होऊन गेली. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, आणि खारघरच्या घरी डायनिंग टेबलावर बसून मी तुम्हाला लिहिते आहे. रडू वगैरे येत नाही. गेले तीन आठवडे तसं कशाचंच काही वाटत नाही. जेवण जातं, झोप लागते, कपड्यांच्या घड्या होतात. कुणी विचारलं तर मी बरी आहे असंच सांगेन.

तुमचं स्वयंपाकघर मात्र स्पष्ट दिसतं. कोपरखैरण्याच्या गावठाणातलं, मागचं दार खाडीच्या बाजूला उघडणारं. मी नववीत आहे. वर्गातल्या एका मुलीचा इंग्रजी निबंध तुम्ही फळ्याशेजारच्या बोर्डावर लावला होता, आणि तो मी मधल्या सुट्टीत काढून दप्तरात घातला होता. तुम्ही वर्गात काही बोलला नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर फक्त म्हणालात, "घरी चल." मी मागून चालत आले. माझे वडील मार्केटात माथाडी, आई चार घरची धुणीभांडी करायची. शाळेतून नाव काढलं तर त्यांना काय सांगायचं, एवढंच वाटभर डोक्यात होतं. तुम्ही साडीचा पदर खोचून पाटावर बसलात आणि टोपल्यातली चिंबोरी उचलून तिचे नांगे मोडायला लागलात. तुमच्या सासूबाई आतून ओरडल्या, "कोन आयलाय गं?" तुम्ही म्हणालात, "शाळंतली पोर हाय." शाळेत इतकं स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या बाई घरी अशा बोलतात, याचंच मला तेव्हा जास्त आश्चर्य वाटलं.

"का काढलास?" तुम्ही विचारलंत.

"हात गेला, बाई. कळलंच नाही."

"हात गेला, त्याला इम्पल्स म्हणतात," तुम्ही वर न बघता म्हणालात. "ही चिंबोरी चावते ना, तसं. विचार करायला वेळच नसतो. पण तू चारही पिना काढल्यास आणि माझ्या टेबलावरच्या डबीत ठेवल्यास. हात गेला असता तर कागद फाटला असता."

मी म्हटलं, ती मुलगी मला हसली होती म्हणून. तुम्ही म्हणालात, ते रीझन झालं, विचारल्यावर सांगायला बरं असतं. तुला कुणी खाऊ देतो म्हणून सांगितलं होतं का? नाही ना? मग इन्सेन्टिव्हही नव्हता, तो बाहेरून कुणीतरी दाखवतं. "राहिलं काय? मोटिव्ह. तो आत असतो. ज्याचा त्याला माहीत असतो, फक्त तोंडातून निघत नाही." मग मी म्हणाले, की तो निबंध माझ्यापेक्षा चांगला होता. तुम्ही हात धुतलेत आणि मला जेवायला वाढलंत.

इंग्रजीतले जवळजवळचे शब्द मी तेव्हापासून कधी एकमेकांत मिसळले नाहीत. ऐरोलीच्या कंपनीत एचआरला लागले तेव्हा पेढे घेऊन आले होते, आठवतं? आता तिथे चौकशीचे अहवाल मीच लिहिते. माझं ड्राफ्टिंग चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

आमच्याकडे एक गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. एका मोबाइल कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी आम्ही सांभाळतो. तक्रार आली असेल तरच नोंद उघडायची, असा नियम आहे. हे दर सोमवारी एकाच ग्राहकाची नोंद तक्रार नसताना उघडायचे. पाच महिने. तो ग्राहक म्हणजे त्यांचा मुलगा. चौकशीला ते माझ्यासमोर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"पोरगा दोन वर्षं बोलत नाय, मॅडम. नंबर चालू आहे ना, पत्ता तोच आहे ना, एवढंच बघत होतो."

"कुणी बघायला सांगितलं होतं? बदल्यात काही मिळणार होतं?"

"मला कोण काय देणार?"

माझे साहेब बाहेर म्हणाले, "लिहून टाक ना, क्षणाच्या भरात झालं. वॉर्निंगवर भागेल. माणूस चांगला आहे." मी म्हटलं, "सर, क्षणाचा भर दर सोमवारी येत नाही." आणि अहवालातल्या मोटिव्हच्या रकान्यात लिहिलं: पर्सनल. पुढे, डेलिबरेट अँड रिपीटेड. शब्द अचूक होते. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. सही करताना तुमची आठवण आली होती, बाई, आणि खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

शाळेतला, त्या चिंबोरीच्या शनिवारनंतरचा सोमवार मला सही केल्यावर दोन दिवसांनी, ऑफिसच्या बसमध्ये आठवला. तुम्ही निबंध परत लावत होतात, मी पिनांची डबी धरून शेजारी उभी होते. मुख्याध्यापक दारात आले. "कुणी काढला होता, कळलं का?" तुम्ही पिन दाबता दाबता म्हणालात, "वाऱ्याने पडला असेल, सर. पिना जुन्या झाल्यात." ते गेले. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढची पिन मागायला फक्त हात पुढे केलात. शब्द कुठला ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तो तुम्ही मला एकटीला सांगितलात आणि तिथेच थांबलात. मी त्यातला अर्धाच भाग शिकले. बसमध्ये हे सगळं आठवलं, आणि तरी काही वाटलं नाही. स्टॉप आल्यावर उतरले, भाजी घेतली, घरी आले.

चार दिवसांपूर्वी त्या गृहस्थांचा मेसेज आला. "मॅडम, दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे. आधीची नोकरी का सुटली विचारतील. काय सांगू? तुम्ही सांगाल तसं सांगतो." रागाचा एक शब्द नाही. मेसेज मी वाचल्याचं त्यांना तिकडे दिसलं असणार. इंटरव्ह्यू उद्या आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तुमच्या घराच्या जागी आता सहा मजली बिल्डिंग आहे. पण तुमची फार आठवण आली म्हणून लिहिलं असं म्हणणार नाही, तुम्ही पकडाल. दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांना उत्तर लिहायला बसले होते. एक ओळही सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.