ऐकू न येणाऱ्यांचा पत्ता

टिळकवाडी, बेळगाव
१४ सप्टेंबर २०२५

ती. अण्णांस,
वासंतीचा कृ. सा. न. वि. वि.

तू करून पाठवलेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मिळाला. सही केलेली नाही. जूनमधल्या तापानं दोन्ही कान नेले, यंत्र लावून बघितलं तर त्यातून नुसती गिरणीची घरघर येते, हे तुला ठाऊकच आहे. पाचवीच्या पोरांचं ऐकू न येणाऱ्या बाईनं वर्गावर उभं राहू नये, हे तुझं म्हणणं वकिलाला शोभेल असं बिनतोड आहे. पण घरात बसवत नाही. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत, दिवसभर नुसत्या येरझाऱ्या.

गणपतीत ओवी आली होती. तुझ्या लेकीनं माझा फोन चाळला. व्हॉट्सॲपवर सगळे लसणीच्या तेलाचे उपाय पाठवतात आणि फेसबुकवर कानाच्या यंत्रांच्या जाहिराती. ती वैतागली आणि मला मॅस्टोडॉनवर खातं उघडून दिलं. त्याला एक मालक नाही. जगभर लोकांनी आपापले सर्व्हर थाटलेत. आपण कुठल्याही एकावर राहायचं आणि बाकीच्यांवरच्या माणसांशीही बोलायचं. माझ्यासारखी मोठेपणी बहिरी झालेली माणसं तिथं भेटतील, असं तिला वाटतं.

सर्व्हर मीच निवडला, चित्र छान होतं म्हणून. तो निघाला पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या परदेशी लोकांचा. आठ दिवस बदकं बघते आहे. मी नमस्कार लिहिला, त्याला कुणीही उत्तर दिलं नाही.

मुख्याध्यापिकांनी नोव्हेंबरअखेरची मुदत दिलीय. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
वासंती

निपाणी
२१ सप्टेंबर २०२५

चि. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मॅस्टोडॉन म्हणजे नामशेष झालेला हत्ती, असं शब्दकोशात सापडलं. ओवीला याहून जिवंत काही मिळालं नाही का?

थट्टा सोडून देतो. अर्जावर सही कर. तेवीस वर्षं चोख शिकवलंस, आता कुणी पाठीमागं हसण्याआधी सन्मानानं बाहेर पड. वर्गात पोरं काय म्हणतात ते कळत नसताना कळल्यासारखं करणं किती अवघड जातं, याची तुला कल्पना नाही. तुझी वहिनी म्हणते, वरची खोली रिकामीच आहे, ये म्हणावं.

जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं नमस्कार टाकून वाट बघत बसणं मला तरी बरं दिसत नाही. आपली माणसं आपल्या गावात असतात. जेवणखाण वेळेवर कर, आणि या थोरल्या भावाला वैरी समजू नकोस.

राघवेंद्र

टिळकवाडी, बेळगाव
२ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू पुन्हा अर्जाचा विषय काढलास आणि मी ताटावरून उठले, ते चुकलं. पण बरंच काही घडलंय, ते तिथं सांगता आलं नाही.

मी मराठीत बहिरेपण, कर्णबधिर असे शब्द शोधत होते आणि काही मिळत नव्हतं. ओवीनं लिहून समजावलं. आपल्या सर्व्हरपर्यंत जे आलेलं असतं तेवढंच शोधात दिसतं. तिथून कुणी कुणाला फॉलो केलं की त्याचं लिखाण येऊ लागतं. कुणी आणून दाखवत नाही, आपण दारोदार जायचं. मग मी नुसता नमस्कार न करता नीट ओळख लिहिली. शिक्षिका, सत्तेचाळिसाव्या वर्षी बहिरी, बेळगाव. खाली हॅशटॅग लावले. भारतातल्या एका सर्व्हरवर खातं हलवलं. एके दिवशी मराठी सोडून कन्नडमध्ये ‘किवुडु’, म्हणजे बहिरेपण, असं शोधलं, आणि नागेंद्र सापडले.

हुबळीकडचे बस कंडक्टर. चाळिशीत कान गेले, आता डेपोच्या कार्यालयात. लोकांना वाटायचं, कंडक्टरला माज आलाय, हाक मारली तरी बघत न्हाई. हे त्यांचं कन्नड वाक्य मी दहादा वाचलं. ते ज्यांना फॉलो करतात त्या यादीतून पुढं कुडाळच्या निवृत्त नर्स अंबुबाई भेटल्या, त्यांच्याकडून आणखी चौघं. मराठीची बाई मी, आणि मला पहिलं उत्तर कन्नडमध्ये मिळालं.

आणि आता नागेंद्रच हरवलेत. त्यांचा सर्व्हर एकटा माणूस हौसेनं चालवायचा, तो थकला आणि बंद करून मोकळा झाला. नागेंद्रांचं खातं, लिखाण, सगळं गेलं. ऐकू न येता वर्ग कसा सांभाळायचा हे ते मला सविस्तर लिहिणार होते. त्यांच्या डेपोतल्या एकाची बायको कर्णबधिर शिक्षिका आहे, तिला विचारून घेणार होते. मी सगळ्यांना शोधायला सांगितलंय. दर पाच मिनिटांनी फोन बघते. भात दोनदा करपला.

तुला हे वेड वाटेल. वाटू दे, पण मला टाकू नकोस.

वासंती

निपाणी
९ नोव्हेंबर २०२५

चि. वासंतीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

सांगितलं होतं ना, असं लिहायला बसलो होतो. त्याआधी खात्री करावी म्हणून ओवीकडून खातं उघडून घेतलं आणि तुझं सगळं वाचून काढलं. तुझी शोधाची हाक मीही पुढं पाठवली. ओवी म्हणाली, अप्पा, तुम्हाला फॉलोच कुणी करत नाही, ती कुणाला दिसणार?

त्या कंडक्टरचं वाक्य तू उतरवून ठेवलंयस. ते वाचून मी पक्षकाराला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून बसलो.

दोन वर्षं झाली, वासंती. डावा कान गेलाय, उजव्यानं निम्मं येतं. समोरच्याच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधतो. गेल्या महिन्यात न्यायाधीशांनी पुढची तारीख विचारली आणि मी साक्षीदाराचं नाव सांगितलं. कोर्ट हसलं, मीही हसलो. हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुला घरी बसवायची घाई मला का झाली होती, ते आता माझं मलाच कळतंय.

तो अर्ज फाड. दुसरा करून देतो, वर्गात राहण्यासाठी सोयी मागण्याचा. कायद्यानं त्या मिळतात. पोचल्याचं दोन ओळींत कळव, आणि माझ्याबद्दलचं मत फार बिघडवू नकोस.

राघवेंद्र

टिळकवाडी, बेळगाव
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा दुसरा अर्ज मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचला आणि मार्चपर्यंत करून बघू, असं लिहून दिलं.

नागेंद्र परत आले. नव्या सर्व्हरवर खातं काढून त्यांनी माझाच हॅशटॅग शोधला आणि अंबुबाईंनी पुढं पाठवलेली हाक त्यांना दिसली. त्यांनी लिहिलं तसं बाकं अर्धगोलात मांडली. बोलणाऱ्यानं उभं राहून माझ्याकडं तोंड करायचं, बोलणं अक्षरांत उमटवणारा फोन टेबलावर ठेवायचा. सोमवारी वर्गावर गेले. पहिला तास छान झाला. दुसऱ्यात पोरांना कळलं की बाई फळ्याकडं वळल्या की काहीही करता येतं. मुख्याध्यापिका दारात आल्या तेव्हा मी शांतपणे समानार्थी शब्द लिहीत होते आणि वर्गाचा बाजार झाला होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मंगळवारी पोरांनाच विचारलं, काय करूया. आता फळ्यावर पोरं लिहितात आणि मी त्यांच्याकडं बघत उभी असते. जमेल की नाही ठाऊक नाही. पण पाय एका जागी ठरतात.

तुझं पत्र मिळाल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्याशी बोलायला सगळे ज्या वहीत लिहितात, तीत दिवाळीत वहिनीनं लिहिलं होतं, तुझे अण्णा हल्ली माझं काही ऐकत न्हाईत. मी त्याखाली लिहिलं, कुठला नवरा ऐकतो? आम्ही दोघी हसलो. मग ती बराच वेळ ते वाक्य बघत बसली होती.

तिला सांग, अण्णा. मला लिहिण्याआधी तिला सांग.

तुझीच,
वासंती