चित्रातल्या चिंचेने अडलेला रस्ता मोकळा होणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय,
जि. अहिल्यानगर

अर्जदार : गोरक्षनाथ दगडू झावरे, वय ७६, रा. मौजे बोरखडी

विषय : कधीच न उगवलेले चिंचेचे झाड पंचनाम्यातून काढून अर्जदाराचा गाडीरस्ता मोकळा करून मिळणेबाबत.

संदर्भ : मंडळ अधिकारी यांचा दि. २८ मार्च २०२५ चा स्थळपाहणी पंचनामा.

महोदय,

१. अर्जदाराचा कांदा काढून शेतात पडला आहे. तिथवर जाणारा गाडीरस्ता चुलतभाऊ भागवत याने नांगरून टाकला, म्हणून अर्जदाराने आपल्याकडे दाद मागितली होती. मंडळ अधिकारी पाहणीला आले त्याच दिवशी गावात शाळेच्या गळक्या छपरासाठी मदत म्हणून चित्रांचे प्रदर्शन होते. शिक्षिका मोनिकाबाई यांनी रद्दीत निघालेल्या गाव नकाशाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून घरटी एक वाटला होता. ज्याने त्याने त्यावर मनाला येईल ते रंगवायचे. कडूबाईंनी आपल्या वावरावर कोंबडी काढली, ती कोणाच्या वाटेत आली नाही. भागवतने मात्र अर्जदाराच्या बांधाचाच तुकडा मागून घेतला आणि गाडीरस्त्याच्या तुटक रेघांवर डेरेदार चिंच काढली, पोपटांसह.

२. ऊन फार म्हणून मंडळ अधिकारी शिवारात आलेच नाहीत. भागवतने त्यांना शाळेत पंख्याखाली बसवले, चहा पाजला व फ्रेममध्ये बसवलेले ते चिंचेचे चित्र पुढ्यात ठेवले. तुकड्याच्या कडेला जुना सरकारी शिक्का अर्धा आलेला होता. तेवढा पाहून साहेबांनी लिहिले, "रस्ता आढळून येत नाही. सदर जागी जुने चिंचेचे झाड असून ते फळावर आहे." पंच दोन, दोघांच्याही हातात बशी. अर्जदार तीन तास बांधावर तापत उभा. संध्याकाळी भागवत वर तोंड करून म्हणाला, "नाना, झाड सरकारी कागदावर हाय. हात लावाल तर आत जाल."

३. अर्जदाराने शासनाचा शब्द मानून पाहिला, पण बैल बिघडला. तो बरोबर बुंध्याच्या जागी थांबतो, मान घासतो आणि डोळे मिटून रवंथ करतो. परवा त्याच्या मानेतून चिंचेच्या सालीच्या कपच्या निघाल्या. पोपट येतात, बसायला फांदी सापडत नाही, म्हणून अर्जदाराला शिव्या देऊन जातात. हे खोटे वाटल्यास त्याच दोन पंचांना विचारावे. ते कशावरही सही करतात.

४. सबब अर्जदारानेही बाईंकडून उरलेला एक तुकडा घेतला. त्यावर भागवतचे घर व कांदाचाळ येते. अर्जदाराने तिथे अथांग तलाव रंगवला आणि चाळीच्या पत्र्यावर मगर बसवली. नुसत्या दातांना दोन दिवस लागले. शेजारच्या सरवरीबी बघून म्हणाल्या, "चाचा, मगर लई हुबेहूब! पन भागवतभाऊंच्या मिशा का न्हाई काढल्या?" शिक्क्याचा दुसरा अर्धा भाग याच तुकड्यावर आहे. तरी त्याच नियमाने भागवतचे घर बुडीत क्षेत्रात धरावे, आठ दिवसांत उठण्याची नोटीस बजावावी आणि पुनर्वसनात पहिला नंबर मगरीचा लावावा. कागदावरचे झाड अर्जदाराला आडवे येत असेल, तर कागदावरचे पाणी भागवतच्या नाकातोंडात गेलेच पाहिजे.

५. हे नियमात बसत नसेल, तर पंचनामा रद्द करून तातडीने फेरपाहणी लावावी. कांदा उन्हाने भाजतो आहे. आठवड्यात निघाला नाही, तर अर्जदाराचे वर्ष गेले. फेरपाहणी भर बारा वाजता, त्याच मंडळ अधिकाऱ्यांनी, त्याच जागी उभे राहून करावी. अर्जदाराची गाडी भरून गावात पोचेपर्यंत त्यांनी जागचे हलू नये. येताना टोपी, छत्री आणू नये. सावलीची नोंद त्यांनी स्वतःच केलेली आहे.

आपला नम्र, परंतु बांधावरून न हटणारा,
(सही)
गोरक्षनाथ दगडू झावरे

दि. ७ एप्रिल २०२५
मौजे बोरखडी

सोबत :
पंचनाम्याची प्रत
गाव नकाशाची प्रमाणित प्रत (चित्र नसलेली)