माझ्या सीडीचं बारसं

ढाकुरिया, कोलकाता
कोजागरी लक्ष्मीपूजेचा आदला दिवस

चि. टुकाईस,

विजयादशमीचे आशीर्वाद. वडीलधाऱ्यांनी ते द्यायचेच असतात म्हणून दिले, मनापासून आहेत असं समजू नकोस. बंगळुरूच्या हवेत तुझा दमा बरा असेल. आम्ही दोघं जिवंत आहोत. नारळाचे नाडू, म्हणजे लाडू, केले होते. तुझ्या वाटचे शेजारी वाटून टाकले.

उन्हाळ्यात या आत्याकडे येऊन तू माझ्या लॅपटॉपमध्ये ते सॉफ्टवेअर घातलंस. "पिशी, तू फक्त सीडी आत ढकल. गाणी उतरतील, नावं तेच शोधून लावेल, कप्पेही तेच करेल. तू चहा पी." मी चहा प्यायले. (तो तेवढा चांगला झाला होता.) नावं नंतर तपासायची असतात, हे मात्र महाराज बोलले नाहीत! आयुष्यभर गाणं शिकवून काढलेली माझी एकुलती एक सीडी, आपल्या गल्लीतल्या, पाड्यातल्या दुर्गापूजेत ती कधी वाजली नव्हती. यंदा समितीचे शिबेनबाबू स्वतः घरी आले. "बौदी, अष्टमीच्या संध्याकाळी तुमची गाणी. मोठा पडदा लावलाय, नावं त्यावर दिसतील." मी लॅपटॉप दिला, ठेवणीतली गरद रेशमाची साडी नेसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आलाप सुरू झाला आणि पडद्यावर हातभर अक्षरं उमटली: 'घोरण्यापासून मुक्ती. धडा पहिला: जबडा सैल सोडा.'

शेजारी तुझे पिशेमशाय बसले होते. त्यांनी जबडा सैल सोडला! (याच माणसाशी मी संसार केला.) पुढचं गाणं मी माझ्या गुरूंच्या आठवणीत बांधलेलं. त्यावर आलं, 'धडा दुसरा: आता तोंड मिटा.' सगळा मांडव हसला. माझ्या विद्यार्थिनीसुद्धा, पदराचे बोळे तोंडात कोंबून. शिबेनबाबू धावत आले, "बौदी, ही तुमचीच सीडी ना?" अरे, आवाज माझा, समोर बसलेय मी, आणि हा माणूस पडदा वाचून मला विचारतो! मी उठले आणि हाताला लागली ती वायर उपटली. ती दिव्यांची निघाली. अंधार पाहून ढाकीला वाटलं आरती आली, त्याने ढाक बडवायला घेतला. भटजींनी घाबरून शंख फुंकला. त्या गदारोळात माझं गाणं बुडालं. पडदा तेवढा झळकत राहिला: 'धडा तिसरा: नाकाने हळू श्वास घ्या.'

आणि तू फोनवर म्हणतोस, कुठल्याशा परदेशी सीडीतल्या गाण्यांची संख्या आणि लांबी माझ्या सीडीशी तंतोतंत जुळली, म्हणून यंत्राची गफलत झाली. मग तुझी आणि शेजारच्या हाबुलची उंची सारखी आहे, तर त्याची बायको तुझ्या घरी धाडू का? काल मासेवाला विचारत होता, "दीदी, तुमची गाणी जेवणाआधी ऐकायची की नंतर?" बावीस श्रुतींचे बारकावे शिकवले या पाड्याला, आणि नाव राहिलं घोरण्याचं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, इलिश मासा न घेताच परत आले.

दिवाळीत कालीपूजेला ये आणि ते भूत माझ्या लॅपटॉपमधून काढ. नाही आलास, तर तुला पिशी नाही असं समज.

तुझी (अजून तरी),
मेजपिशी

ता. क. ते भूत काढू नकोस. अष्टमीला सगळ्यांत मोठ्याने हसली ती वरच्या मजल्यावरची कृष्णकली. कालीपूजेला तिची सीडी वाजणार आहे, आणि समिती लॅपटॉप माझाच वापरणार आहे. नाव हाताने बदलायला कुठलं बटण दाबायचं, तेवढं उलट टपाली कळव.

ता. क. दुसरा. नाव ठरलंय: 'बद्धकोष्ठावर विजय. धडा पहिला: अजून थोडा जोर लावा.'