मासळीच्या टबाला सीटबेल्ट

१२ जाने., सोम.
करंजा बंदर ते पनवेल मार्केट. सासूबाईंचा मासळीचा टब नेहमीसारखा पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. न लावला तर गाडी टबाला माणूस समजते आणि पीं पीं करून डोकं खाते. सासूबाई मागे, मोकळ्या. बेल्टचं नाव काढलं की बहिऱ्या होतात. हट्टी बाई.

१४, बुध.
गव्हाण फाट्याच्या अलीकडे पुढचा ट्रेलर मध्येच थांबला. होता नव्हता तेवढा जीव पायात आणून ब्रेक दाबला. सासूबाई मागून माझ्या सीटवर आदळल्या. ओठ फुटला, कपाळाला टेंगूळ.
आणि टब जागच्या जागी. बर्फाचा खडासुद्धा सांडला नाही. तीन बोटं रुंद पट्टी, आणि एवढं वजन धरून बसली. मी बघतच राहिले.
मार्केटात सासूबाई कपाळाला बर्फ लावून बायकांना सांगत होत्या, "येक पापलेट हाललं नाय गो." स्वतःच्या ओठाबद्दल चकार शब्द नाही.

१५, गुरु.
मागचे बेल्ट सापडले. इतके दिवस मी नुसतं 'लावा, लावा' म्हणत होते, आणि ते आम्हीच हौसेनं घातलेल्या सीटकव्हरखाली गाडलेले. नवऱ्याने कात्रीनं कव्हर कापलं. पट्टे अगदी कोरे.

१६, शुक्र.
आजही नाही लावला. चिडले. "टबाची काळजी, स्वतःची नाही?"
तेव्हा म्हणाल्या, "होडी उलटली तवा माजा भाव दोरीत गुतला व्हता. आमी सुटे, आमी वर आलो. बांदलेलं मानूस वर येत नाय गो."
म्हणजे हट्ट नाहीच हा. बुधवारपासून मी ज्या पट्टीने भारावलेय, तिचीच यांना धास्ती.

१७, शनि.
बंदरावर टब बांधून झाला. सासूबाई मागे बसल्या. "सोरवायचा कसा ता दाखव आदी."
सोडवायचं लाल बटण दाखवलं. लावला, सोडला. परत लावला, सोडला. बर्फ वितळत होता, त्यांना पर्वा नाही. मग डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून बटण शोधायला लागल्या. पाण्याखाली शोधावं तसं. एवढी भीती, आणि तरी ही बाई पुन्हा पुन्हा स्वतःला बांधून बघतेय.
"चल आता," म्हणाल्या.
शेवटचा आवाज लावल्याचा की सोडल्याचा, कळलं नाही. वळून बघायचा धीर झाला नाही. गाडी अगदी हळू काढली.