आता मधे काही नाही

पेगीताई,

सुट्टीला आलीस की शेजारच्या लाखलनच्या गोठ्याला शिव्या घालायचीस ना, मावळता सूर्य अडवतो मेला म्हणून? आता ये. स्वयंपाकघरात हेरिंग मासे तळता तळता अख्खा सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. जानेवारीच्या वादळात कडा ढासळून तो गोठा गेला आणि ईस्टरच्या आधी लाखलनचं घरही. तो ग्लासगोला मुलीकडे गेलाय. निघताना म्हणाला, "इशबेल, देखावा तुझ्या नावावर करून चाललोय." मी हसले. तो नाही हसला.

माझं फिरणं चालू आहे. कड्यावरची पायवाट दर वर्षी थोडी आत सरकते, एवढंच. कुत्रा मात्र हल्ली बरोबर येत नाही. दारात बसून जमिनीवर गुरगुरतो.

काल फिरून आले तर कौन्सिलची माणसं नवं कुंपण घालत होती, लोकांनी कड्याकडे जाऊ नये म्हणून. मी ओरडले, "अरे, डोळे फुटले का? खांब माझ्या घरामागे रोवताय! समुद्र पुढे आहे!"

त्यांच्यातल्या एकाने टोपी काढली. "मावशी, बरोबरच रोवतोय."

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर पहिल्या बोटीने येऊन मला फरफटत नेशील.

आज आकाश नुसतं पेटलं होतं. फिरायला आलेली माणसं कुंपणापलीकडे थांबून बघत होती. सूर्य बुडाला तरी हलेनात. मग कळलं, ती माझ्या घराकडे बघत होती.

तुझीच,
इशबेल